बोलणी मानभावाची

धाकटी आजी ओसरीच्या पायऱ्या उतरून गल्लीच्या वळणावर दिसेनाशी झाली, की आजी सुपातली तूरडाळ पुन्हा पुढ्यात ओढायची आणि खडे वेचता वेचता एकच शब्द बोलायची. "मानभावी." त्यात राग नसायचा. आभाळाकडे बघून आज पाऊस येणार म्हणावं, तसा तिचा सूर असायचा.

धाकटी आजी म्हणजे आजीची चुलत जाऊ. दोघींची घरं एकाच गल्लीत, विहीर एक, सणवार एकत्र. ती यायची तीच मुळी हसत. आईच्या हातच्या पोळीचं कौतुक करायची, माझ्या वेणीवरून हात फिरवायची, आजीचे गुडघे कसे आहेत ते विचारायची. मग निघताना उंबऱ्याशी थांबायची आणि आवाज खाली आणायची. "मले काय करायचं हाय बाप्पा, पण तुह्या सुनेच्या भल्यासाठी सांगतो." त्यापुढं जे काही यायचं, त्यानं आमच्या घरात दोन दिवस कुणी कुणाशी धड बोलत नसे. कधी आईच्या नव्या लुगड्याची किंमत निघायची, कधी माहेरून आलेल्या फराळाचा विषय. आणि हे सगळं इतक्या मायेनं, की उलट बोलायला जागाच उरू नये.

एकदा मी आजीला विचारलं, मानभावी म्हणजे लबाड ना? ती म्हणाली, "नाही. लबाड पैसे लुबाडते. हे साकर पेरते बोलताना, अन् मुंग्या आपल्या घरात सोडते."

हे सगळं 1970 च्या आसपासचं. आमचं गाव अमरावती जिल्ह्यातलं, मोर्शी तालुक्यातलं. गावाला संत्र्याच्या बागांचा वेढा. आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण माणसांसाठी तिच्याकडं इतके वेगवेगळे शब्द होते की आज मोजायला बसले तर दोन्ही हातांची बोटं पुरत नाहीत. अंगारे-धुपारे देऊन पैसे काढणारा तो भोंदू. एकादशी सांगून कोठीत जाऊन खाणारा तो ढोंगी. सगळं करून सवरून नामानिराळा राहतो तो साळसूद. तोंडावर स्तुती करणारा तोंडपुजा. मनातलं कुणाला कळू न देणारा आतल्या गाठीचा, आणि तो मात्र तिच्या लेखी वाईट नव्हता. आजोबाच तसे होते. या सगळ्यांत मानभावी हा शब्द तिनं फार जपून वापरला. त्याला नम्रता लागते. खाली घातलेली मान लागते, दुसऱ्याच्या हिताची काळजी लागते, आपण किती साधे, आपल्याला काहीच नको, हा भाव लागतो. आणि या सगळ्याच्या तळाशी स्वतःचं काहीतरी साधून घ्यायचं असतं. इतकं सगळं एका शब्दात बसवणारी भाषा मला आजही थोर वाटते.

आता दुसरी गोष्ट. याच आजीच्या तोंडी जवळजवळ हाच शब्द आणखी एका कामासाठी होता. सकाळी दहाच्या सुमारास अंगणाबाहेर काळसर वस्त्रांतले, खांद्याला झोळी अडकवलेले दोघे-तिघे उभे राहिले, की ती आतल्या बाजूला तोंड करून हाक द्यायची, "पोरी, मानभाव आले. भाकर आण." मी भाकरी नि त्यावर भाजी घेऊन जायची. ते झोळीतलं पात्र पुढं करायचे, "दंडवत" म्हणायचे आणि पुढच्या घराकडं वळायचे. पुढचं घर कुणाचंही असो. कोणत्या जातीच्या दारात उभं राहायचं याचा हिशेब त्यांच्याकडं नव्हता. त्यांची नजर जमिनीवर असायची. पायाखाली किडामुंगी येऊ नये म्हणून ते तसे चालतात, हे आजीनंच मला सांगितलेलं. हे सांगताना आजीच्या आवाजात आदर असायचा. धाकट्या आजीला मानभावी म्हणणारी आणि दारातल्या मानभावांना भाकरी वाढणारी बाई एकच होती. या दोन शब्दांत काही नातं आहे, हे तिच्या मनातही येत नव्हतं. माझ्याही नाही.

ते मला सहावीत कळलं, आणि तेही वर्गात बसून.

आमच्या घराला लागून महानुभाव पंथाचा उपदेश घेतलेल्या संसारी कुटुंबाचं घर होतं. त्यांची मुलगी माझ्या वर्गात, एका बाकावर. तिच्या देव्हाऱ्यात मूर्ती नव्हत्या. स्वच्छ कापडात बांधलेला एक लहानसा दगड होता. त्याला ते 'विशेष' म्हणत. पंथाचे संस्थापक चक्रधर स्वामी जिथं बसले, जिथं त्यांचे पाय लागले, त्या ठिकाणाशी त्या दगडाचा संबंध. गणपतीत आमच्याकडचा प्रसादाचा मोदक ती घेत नसे, आणि मला ते फार लागायचं. मी रुसून बसले की तिची आई दुसऱ्या दिवशी मला बोलावून साध्या गुळाचा शिरा खाऊ घालायची. त्यांच्याकडं पाणी दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय कुणी पीत नव्हतं. फडक्यात अडकलेला जीव परत विहिरीत सोडायचा, हे त्या घरातलं पोरांचं काम होतं. मीही ते कितीदा केलंय.

सहावीत व्याकरणाच्या तासाला म्हणी आल्या. सरांनी फळ्यावर ओळीनं म्हणी लिहिल्या आणि समोर अर्थ. त्यांतली एक होती, करणी कसाबाची, बोलणी मानभावाची. अर्थ, बोलणं गोड पण कृती क्रूर. सर मनानं चांगले होते, गरीब पोरांना स्वतःच्या पैशानं वह्या आणून देणारे. त्यांनी सहज विचारलं, "मानभाव पाहिलेत ना रे सगळ्यांनी?" आणि साऱ्या वर्गानं मागं वळून माझ्या मैत्रिणीकडं बघितलं. शेवटच्या बाकावर खाटिकाचा मुलगा बसायचा. त्यानं मान खाली घातली. त्याच्याकडं कुणी बघितलं नाही, पण त्याला ते कळलं होतं, हे मला त्या वेळी नाही, कितीतरी वर्षांनी उमगलं. एका म्हणीत वर्गातली दोन पोरं सापडली होती.

ती काहीच बोलली नाही. तिच्या वहीत मी बघितलं, तर वरची म्हण होती, खालची म्हण होती आणि मधली एक ओळ कोरी. संध्याकाळी पाणी गाळताना ती म्हणाली, "आमचे बाबा मुंगीही मारत नाहीत." एवढंच. चाचणीत नेमकी तीच म्हण आली. तिनं ती सोडली आणि तिचा एक गुण गेला. मी लिहिली आणि मला पूर्ण मिळाले.

पुढं मी स्वतः मराठीची शिक्षिका झाले. सांगायला वाईट वाटतं, पण सुरुवातीची काही वर्षं मीही तीच म्हण तशीच शिकवली. मार्गदर्शिकेत अर्थ छापलेला, पोरांनी पाठ केलेला, पेपरात विचारला जाणारा. थांबून बघायला मी तयार नव्हते. एम. ए. बाहेरून करत होते तेव्हा चक्रधर स्वामींच्या आठवणींचं 'लीळाचरित्र' हातात आलं, वि. भि. कोलते यांनी संपादित केलेलं, 1978 साली राज्य सरकारच्या साहित्य संस्कृती मंडळानं छापलेलं. ते वाचताना त्या कोऱ्या ओळीची आठवण येऊ लागली ती आजतागायत.

बाराव्या-तेराव्या शतकातल्या आपल्या मुलखाबद्दल एवढं जिवंत पुस्तक दुसरं नाही. मूळचे भडोचचे चक्रधर गुजरातेतून आले, आमच्याच तालुक्यातल्या रिद्धपूरला आपले गुरू गोविंदप्रभू यांना भेटले, मग पैठणपासून गोदाकाठानं पायी हिंडत राहिले. लोकांशी लोकांच्या मराठीत बोलले. पंथाच्या श्रद्धेप्रमाणे ते उत्तरेकडं निघून गेले; त्यानंतर त्यांचे शिष्य नागदेवाचार्य आणि इतर रिद्धपूरला जमले, आणि त्यांतल्या म्हाइंभटांनी स्वामींच्या आठवणी गोळा करायला घेतल्या. कशा? ज्याच्या ज्याच्या समोर जे घडलं त्याच्याकडं जाऊन. स्वामी काय बोलले, कुठं बसले, त्या दिवशी जेवायला काय होतं, पाऊस होता की ऊन, कोण रागावलं, कोण हसलं. ते ऐकायचं, नागदेवाचार्यांकडून पडताळून घ्यायचं, मग लिहायचं. रिद्धपूरच्या वाजेश्वरी या स्थानी हे काम झालं असं पंथ सांगतो. पुढं एका धाडीत मूळ पोथी गेली, तेव्हा ज्यांना ती तोंडपाठ होती त्यांच्या आठवणीतून ती पुन्हा उभी केली गेली. दोन जणांच्या आठवणीत फरक पडला, तर कुणाचा पाठ कोणता तेही नोंदवलं गेलं. आपल्या गुरूबद्दल लिहिताना, जिथं भक्तीच्या भरात कुणीही चार गोष्टी वाढवून सांगेल, तिथं या लोकांनी साक्षी काढल्या, पाठभेद राखले. खरं काय घडलं याची एवढी चाड असणारी माणसं ही. आणि खोटेपणासाठी आपण त्यांचंच नाव उचललं.

मानभाव म्हणजे महानुभाव. महा आणि अनुभाव, ज्याचा अनुभव मोठा तो. बोलता बोलता शब्द झिजला, मानभाव झाला, आणि झिजताना त्याचा अर्थही घसरत गेला. त्याची कारणं शोधली तर सापडतात. या पंथानं वेदांचं प्रामाण्य आणि चातुर्वर्ण्य मानलं नाही. श्रीकृष्ण, दत्तात्रेय, चांगदेव राऊळ, गोविंदप्रभू आणि चक्रधर या पाचांवाचून इतर दैवतांची पूजा केली नाही. बायकांना बरोबरीनं संन्यास दिला. महदंबेसारखी बाई, जिला आपण पहिली मराठी कवयित्री मानतो, ती याच मेळ्यातली. बायकांनी मासिक पाळीचा विटाळ धरायचं कारण नाही, असं सांगणारी लीळा मी तिशीत वाचली, आणि पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसून राहिले. आमच्या घरात मी चार दिवस गोठ्यालगतच्या खोलीत बसत होते. आमच्यात आणि शेजारघरात एका भिंतीचं अंतर होतं.

असं सगळं करणाऱ्या लोकांवर गावगाडा रागावणार, हे ओघानं आलं. त्यात काळी वस्त्रं. त्यात भर पडली सांकेतिक लिपीची. ग्रंथ अपात्राच्या हाती पडू नयेत म्हणून पंथानं ते सकळ लिपीत लिहायला घेतले, जिच्यात एका अक्षराच्या जागी ठरवून दुसरंच अक्षर येतं. वरून मराठी दिसावं आणि वाचायला गेलं तर अर्थ लागू नये. बाहेरच्यांनी त्यावरून काय ताडलं असेल ते उघड आहे. बोलतात गोड, चालतात मान खाली घालून, आणि पोथीत मात्र काहीतरी लपवतात. लपवतात म्हणजे वाईटच असणार. ही लिपी कित्येक शतकं बाहेरच्या कुणाला लागली नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी तिचा उलगडा केला. मग वि. ल. भावे, यवतमाळचे य. खु. देशपांडे, नागपूरचे ह. ना. नेने, कोलते यांनी एकेक पोथी उजेडात आणली. पाहतात तर आत काय? ससा. शिकाऱ्यांच्या कुत्र्यांपुढं जीव घेऊन पळालेला ससा स्वामींच्या मांडीखाली येऊन लपतो, शिकारी मागायला येतात, आणि स्वामी शरण आलेल्याला सोडत नाहीत. आंधळे आणि हत्तीचा दृष्टांत. भाकरी, ताक, गुरं राखणारी पोरं, नदीची वाट. ज्या लपवाछपवीची एवढी भीती घातली गेली, तिच्यात आपल्याच भाषेचं सगळ्यात जुनं, सगळ्यात निर्मळ गद्य जपून ठेवलेलं होतं.

हे असं फक्त यांच्याच वाट्याला आलं असंही नाही. अशोकाच्या गिरनारच्या शिलालेखात 'पासंड' म्हणजे पाषंड हा शब्द सगळ्या धर्मपंथांसाठी सरसकट येतो, आणि सर्व पाषंडांचा मान राखावा असं तिथं राजा सांगतो. आज पाखंडी म्हणजे काय ते शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. 'लुच्चा' या शब्दाचा माग डोक्याचे केस उपटून घेणाऱ्या श्रमणांच्या 'लुंचित' शब्दापर्यंत लावला जातो. कुणी घरदार सोडलं, वेगळं वागायला लागलं, की आपली भाषा त्याला संशयानं बघते, आणि तो संशय शब्दात साठून राहतो. माणसं जातात, भांडणं विसरली जातात. शब्द मात्र ते भांडण पुढच्या पिढीला देत राहतो.

पण त्या म्हणीशी मी आणखी एकदा भांडले, आणि या वेळी मला तिच्यात वेगळंच काही दिसलं. नीट वाचा. करणी कसाबाची, बोलणी मानभावाची. ज्याच्याबद्दल ही म्हण आहे, तो मानभाव नाहीच! तो कुणी तिसराच आहे. त्याचं वागणं खाटिकासारखं, आणि बोलण्यात त्यानं उसना आणलाय तो मानभावाचा गोडवा. गोड, मऊ, जीव न दुखावणारं बोलणं म्हणजे कुणासारखं, तर मानभावासारखं, अशी ती साक्ष आहे. ज्या काळात ही म्हण पहिल्यांदा कुणाच्या तोंडून निघाली, त्या काळात मानभावाच्या बोलण्याचा हा लौकिक गावोगाव असला पाहिजे. नाहीतर उपमा लागूच पडली नसती. आणि खाटिकाचं म्हणाल तर तो बिचारा आपला धंदा उघड्यावर करतो, कुणापासून लपवत नाही. दोघेही प्रामाणिक. खोटा आहे तो दोघांच्या मधला.

हे सुचलं तेव्हा मला इतका आनंद झाला की मी त्याच रात्री मैत्रिणीला फोन केला. ती आता नाशिककडं असते, मुलाकडं. आमचं बोलणं वर्षाकाठी तीन-चारदा. मी सगळं समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणीतून सोडवलंस बाई आम्हाला. पण 'मानभावी' या शब्दातून कोण सोडवणार?"

तिचं बरोबर होतं. म्हणीत तरी उपमा आहे. 'मानभावी' या विशेषणात ती उरलेली नाही; तिथं पंथाच्या नावाला ई लावली की माणूस खोटा ठरतो. जुन्या कोशांत दोन्ही अर्थ एकाखाली एक दिलेले असतात, आधी पंथ, मग दांभिक. आता वाचकाला पहिला अर्थ माहीतच नाही. वर्तमानपत्रातल्या अग्रलेखांत हा शब्द अजून अधूनमधून दिसतो, कुणाच्या तरी मानभावी आवाहनाबद्दल, कुणाच्या मानभावीपणाबद्दल. लिहिणाऱ्याच्या मनात कुठलाही पंथ नसतो, हे मला कळतं. एका तरुण सहकारी बाईंनी मला सांगितलं होतं की मानभावी म्हणजे मानाचा भाव असलेला, मान मिळावा म्हणून धडपडणारा. त्यांनी तो अर्थ स्वतःच जुळवला होता, आणि त्यांना तो पटलाही होता.

घराघरांतून तर शब्द गेलाच. माझ्या नातवंडांच्या तोंडी 'फेक' आहे. "ती ना, एकदम फेक आहे." मुलगी कॉलेजात होती तेव्हा 'डबल ढोलकी' चालायचं, त्यात निदान आवाज तरी ऐकू यायचा. फेक हा शब्द नोटेवर मारायचा शिक्का आहे. खरी की खोटी, एवढंच. माणूस किती खोटा, कुठल्या तऱ्हेनं खोटा, कुणाशी खोटा आणि कुणाशी खरा, हे सांगायची सोय त्यात नाही. आणि एकदा शिक्का मारला की नंबर ब्लॉक. पुन्हा त्याच्याकडं जायचं नाही.

आमच्याकडं तसं नव्हतं. इथं मला धाकट्या आजीबद्दल राहिलेलं सांगायला हवं. आजीला अर्धांगवायू झाला, 1979 च्या पावसाळ्यात. आई दिवसा शेताचं बघायची, बाबा नोकरीच्या गावी. रात्री आजीजवळ कोण बसायचं? धाकटी आजी यायची. अंधार पडला की कंदील घेऊन, स्वतःची वळकटी काखेत मारून. आजीला कूस बदलून द्यायची, तिचे कपडे धुवायची, तोंडात चमच्यानं पेज घालायची. असे दोन महिने. त्या दोन महिन्यांतही उंबऱ्याशी थांबून आईच्या भल्याचं सांगणं तिनं सोडलं नाही, आणि आईनं तेही ऐकून घेतलं. आजीची जीभ जड झाली होती. धाकटी आजी पहाटे निघून गेली, की आजी माझ्याकडं बघून ओठ हलवायची. शब्द फुटत नव्हता, पण मला कळायचा. मानभावी. आणि डोळ्यांत पाणी असायचं.

तेव्हा एखाद्याला मानभावी म्हणणं म्हणजे त्याला ओळखणं होतं. वर्षानुवर्षांच्या शेजारानं, लग्नाकार्यातल्या पंगतींनी, विहिरीवरच्या बोलण्यांनी ती ओळख पटलेली असायची. माणूस कसा आहे हे ठरलं, म्हणून त्याला गल्लीतून काढून टाकत नव्हते. त्याच्याशी कसं वागायचं तेवढं ठरायचं. धाकटी आजी येणार म्हटलं, की आई नवं लुगडं पेटीत ठेवायची. बस. तेवढ्यानं भागायचं.

माझे पती गेले त्या दिवशी सोसायटीच्या समूहावर अर्ध्या तासात शंभरावर निरोप आले. भावपूर्ण श्रद्धांजली. हात जोडलेल्या खुणा. त्यांतल्या कित्येकांनी मजकूर वरच्याचाच उचलून खाली टाकला होता, एकानं तर नावासकट, आणि ते नाव दुसऱ्याच कुणाचं होतं. मी त्यांना खोटं म्हणणार नाही. त्यांना दुःख झालं असेल, नसेल, मला कळायला मार्गच नाही. त्यांच्यातल्या कितीजणांनी माझ्या हातचं पाणी प्यायलंय? खोटेपणा ओळखायलाही माणूस आधी जवळ यावा लागतो. बँकेत फोन केला की मधाळ आवाजात सांगतात, तुमचा वेळ आमच्यासाठी मोलाचा आहे. तो आवाज कुणाच्या चेहऱ्याचा, कुठल्या गल्लीतला? साखर तीच आहे. पेरणारा हात दिसत नाही.

म्हणून मला त्या शब्दाची हुरहूर लागते. पंचेचाळीस वर्षं झाली आजीला जाऊन, पण कुणी गोड गोड बोलत पुढं आलं की अजूनही सुपाचा आवाज कानात येतो आणि जिभेवर तो शब्द येतो. मी तो गिळते. गेली तीस-एक वर्षं मी तो वापरलेला नाही. शाळेत म्हणींचा धडा आला की ती म्हण फळ्यावर लिहायची, पण अर्थ सांगायच्या आधी रिद्धपूरची गोष्ट सांगायची, सशाची सांगायची, असं मी निवृत्त होईपर्यंत केलं. पोरं कंटाळत नसत. एकदा एक मुलगा उठून म्हणाला होता, "बाई, मग मानभाव चांगले, तर म्हण कुणाबद्दल आहे?" मी म्हटलं, तेच शोध. त्याच्या वहीत मी पूर्ण गुण दिले, उत्तर चुकलं होतं तरी.

दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघी रिद्धपूरला गेलो. लहानपणी बैलगाडीतून गेले होते, आता तासाभरात गाडीनं पोचलो. तिथं आता मराठी भाषा विद्यापीठ आहे, 2023 साली त्याचा कायदा झाला. 3 ऑक्टोबर 2024 ला केंद्रानं मराठीला अभिजात भाषा म्हटलं, त्या दाव्यात लीळाचरित्राची साक्ष होतीच. ज्या गावच्या लोकांवरून आपण खोटेपणाला नाव दिलं, त्या गावात आता मराठी भाषेचा अभ्यास होतो. मला हे बघून फार बरं वाटलं. मैत्रिणीनं एकेका ओट्याशी वाकून दंडवत घातला. तिचे गुडघे दुखतात, तरी प्रत्येक ठिकाणी. एक तरुण तपस्विनी आम्हाला कुठं काय घडलं ते सांगत होती. पंजाबातून आली होती, मराठी शिकलेली. तिकडं या पंथाला जयकृष्णी म्हणतात. तिच्या मराठीत जुनी वळणं होती, पोथीतली. ती कमालीची हळू, गोड बोलत होती, आणि बोलताना नजर जमिनीवर. माझ्या मनात आलं, आजी असती तर म्हणाली असती, पोरी, भाकर आण.

मागच्या महिन्यात सुनेचा रात्री फोन आला. तिच्या कार्यालयात नव्या बाई आल्यात. तिच्या कामाचं सगळ्यांसमोर कौतुक करतात, डबा विचारपूस करून वाटून घेतात, आणि साहेबांकडं जाऊन तिच्या तब्येतीची काळजी वाहतात, बिचारीवर फार भार पडतोय हो. दोन कामं काढून घेतली गेली होती. ती रडवेली झालेली. "आई, तुमच्याकडं एक शब्द होता ना अशा बाईसाठी? तुम्ही एकदा सांगता सांगता थांबला होतात."

मी साळसूद म्हणाले. ती म्हणाली, नाही, ते वेगळं. तोंडपुजी? तेही नाही. आतल्या गाठीची? नाही. मी थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हटलं, शब्द राहू दे. माझी आजी अशा बाईबद्दल काय म्हणायची ते ऐक. साकर पेरते बोलताना, अन् मुंग्या आपल्या घरात सोडते.

पलीकडून पहिल्यांदा हसू ऐकू आलं. "हीच," ती म्हणाली. "अगदी हीच."